यीस्टचं केंद्रक दुभंगताना पेशीचा सांगाडा काय करतो: कल्चरपासून मोजणीपर्यंत, पायरी पायरीने

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्रोजेक्टची जर्नल्स तपासायला बसलो की यीस्टच्या केंद्रक विभाजनाच्या पानावर दरवर्षी तेच चित्र समोर येतं. गोल पेशी, मधोमध एका रांगेत उभी गुणसूत्रं, केंद्रकपटल नाहीसं झालेलं, खाली नाव ‘मध्यावस्था’. हे चित्र कांद्याच्या मुळाच्या टोकाचं आहे, यीस्टचं नाही. यीस्टमध्ये केंद्रकपटल विभाजन संपेपर्यंत शाबूत राहतं आणि तर्कू, म्हणजे गुणसूत्रं दोन बाजूंना नेणारी सूक्ष्मनलिकांची मोळी, त्याच्या आत तयार होतो. गुणसूत्रं इतकी बारीक असतात की कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ती सुटी सुटी दिसत नाहीत.

मुलं मुद्दाम खोटं काढत नाहीत. कुठल्या तरी पायरीवर स्लाइड बिघडलेली असते, काही ओळखू येत नाही, सबमिशनची तारीख जवळ आलेली असते आणि मग पुस्तकातलं चित्र मदतीला येतं. पायऱ्या नीट केल्या तर त्याच साध्या सूक्ष्मदर्शकावर खरं चित्र दिसतं. म्हणून सगळी पद्धत क्रमाने देतो आहे.

## आधी हे पक्कं करा: काय दिसणार, काय नाही

पेशीचा सांगाडा म्हणजे सूक्ष्मनलिका आणि अ‍ॅक्टिनचे तंतू. या पद्धतीत ते दिसणार नाहीत. दिसणार आहे ते केंद्रक. ते पेशीत कुठे आहे, गोल आहे की ताणलेलं, एक आहे की दोन, आणि आई-पेशी व तिला फुटलेली कळी यांच्यामधल्या मानेपासून किती लांब आहे, एवढ्यावरून सांगाड्याचं काम वाचायचं असतं.

हे वाचता येतं याचं कारण यीस्टच्या घडणीत आहे. प्राणिपेशीत आधी तर्कू बसतो आणि त्याच्या जागेवरून पेशी कुठे चिरायची ते ठरतं. बेकरीच्या यीस्टमध्ये हा क्रम उलटा आहे. कळी आधी फुटते, म्हणजे दार कुठे ते आधीच ठरलेलं असतं, आणि केंद्रकाला त्या दारापाशी आणावं लागतं. पेशी साधारण 5 मायक्रॉनची, केंद्रक सुमारे 2 मायक्रॉनचं आणि आई व कळी यांच्यामधली मान जेमतेम 1 मायक्रॉन रुंद. स्वतःपेक्षा अरुंद वाटेतून केंद्रकाला निम्मं पलीकडे जायचं असतं.

केंद्रकपटलातच दोन ध्रुवकाय रुतलेले असतात. त्यांच्या आतल्या बाजूने तर्कूच्या सूक्ष्मनलिका निघतात आणि बाहेरच्या बाजूने पेशीद्रवात जाणाऱ्या. ओढण्याचं काम दोन टप्प्यांत होतं. सुरुवातीला बाहेरच्या सूक्ष्मनलिकेचं टोक कार9 या प्रथिनामार्फत मायोसिन या मोटर-प्रथिनाला जोडलं जातं. मायोसिन अ‍ॅक्टिनच्या दोरांवरून कळीकडे चालत जातं आणि केंद्रक मानेपाशी येऊन तिच्या दिशेने नीट वळतं. नंतर डायनीन हे मोटर-प्रथिन कळीच्या कडेला राहून सूक्ष्मनलिका खेचतं आणि केंद्रक मानेत शिरतं. त्याच सुमारास आतला तर्कू लांब होत दोन्ही ध्रुवकायांना दूर ढकलतो. व्हायवात या परिच्छेदावर प्रश्न येतोच.

## टप्पा 1: आदल्या आठवड्याची तयारी

हे हाताशी ठेवा: यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, पेप्टोन, डेक्स्ट्रोज, अगार, मिथेनॉल, ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल, 70 टक्के अल्कोहोल, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, जिम्सा रंग, 6.8 पीएचचा फॉस्फेट बफर, अंड्याचा पांढरा बलक. शुद्ध कार्बेन्डाझिम (सूक्ष्मनलिका मोडणारं बुरशीनाशक), ते विरघळवायला डीएमएसओ आणि पुरेसं डिस्टिल्ड पाणी. माध्यमात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट 1 टक्का, पेप्टोन 2 टक्के, डेक्स्ट्रोज 2 टक्के.

पाण्याबद्दल आपल्या भागात जास्त काटेकोर राहावं लागतं. बोअरचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम बफरमधल्या फॉस्फेटबरोबर बारीक साका धरतं आणि स्लाइडवर ते कण पेशींच्या मध्ये येऊन बसतात. शेवटची एक धुणी नळाखाली केली तरी हेच होतं. सगळ्या धुण्या डिस्टिल्ड पाण्याने करा.

दुसरी गोष्ट हवामानाची. हा प्रयोग दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत उरकून घ्या. यीस्टला 30 अंश मानवतात. एप्रिल-मेमध्ये लातूर, नांदेड, परभणीकडे पारा चाळिशी ओलांडतो, त्यात लाइट गेली की बंद इन्क्युबेटरसुद्धा तापतो. पेशी मरायच्या आधीच सांगाडा बिघडतो: 37 अंशांच्या पुढचा अचानक चटका बसला की अ‍ॅक्टिनची मांडणी काही काळ विस्कटते. अशा दिवशीचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी औषधाविना ठेवलेली नळी, हा कंट्रोल उरत नाही. उन्हाळ्यातच करणं भाग असेल तर कल्चरची बाटली पाण्याच्या बादलीत ठेवा, बादलीभोवती ओलं पोतं गुंडाळा आणि दर अर्ध्या तासाला थर्मामीटर बघून आकडा लिहून ठेवा.

सावध: हिवाळ्यात सकाळी डीएमएसओची बाटली गोठलेली दिसली तर फेकू नका. ते साधारण 18 अंशांखाली गोठतं. कोमट पाण्यात धरलं की पूर्ववत होतं, पण सगळं वितळून एकजीव झाल्याशिवाय मापू नका.

## टप्पा 2: पुडीतलं यीस्ट थेट वापरू नका

बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं कोरडं यीस्ट चालतं, पण पुडीत मेलेल्या पेशी आणि गुठळ्या भरपूर असतात. चिमूटभर यीस्ट कोमट साखरपाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि त्यातून अगारच्या प्लेटवर रेघा ओढा. प्लेट 30 अंशांवर दोन दिवस ठेवून एकच सुटी वसाहत उचला आणि पुढचं सगळं काम तिच्यावरच करा.

## टप्पा 3: वाढत्या पेशी मिळवणं

निम्मी प्रोजेक्ट्स इथेच फसतात. रात्रभर वाढवलेलं कल्चर सकाळी गडद, दुधाळ दिसतं. भरपूर पेशी आहेत म्हणून मुलं तेच वापरतात. त्या पेशींचं अन्न संपलेलं असतं आणि त्या विभाजन थांबवून बसलेल्या असतात. मग शंभर पेशींत एखादीच कळी दिसते.

योग्य क्रम असा. रात्रभराच्या कल्चरमधून 0.1 मिलि काढून 10 मिलि ताज्या माध्यमात घाला. 30 अंशांवर हलवत ठेवून चार ते पाच तास वाढवा. शेकर नसेल तर दर दहा मिनिटांनी हाताने हलवा. चांगल्या माध्यमात पेशी दुप्पट व्हायला साधारण दीड तास लागतो, म्हणून ही वेळ कमी करू नका.

तपासा: एक थेंब स्लाइडवर घेऊन शंभर पेशी मोजा. निम्म्याहून जास्त पेशींना लहान-मोठी कळी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर अजून तासभर थांबा. तरीही नसेल तर पुन्हा पातळ करून नव्याने सुरू करा. इथे कळ्या नसतील तर पुढचा सगळा दिवस वाया जातो.

आणि या ओल्या स्लाइडवर केंद्रक शोधू नका. मागच्या हिवाळ्यात एका विद्यार्थिनीने अशाच स्लाइडवर चाळीसेक पेशींची केंद्रकं काढून आणली होती. प्रत्येक पेशीत मोठं, गोल, काचेसारखं स्वच्छ वर्तुळ. तिच्याच कल्चरची रंगवलेली स्लाइड मी तिला दाखवली. ते वर्तुळ रिकामंच होतं आणि जांभळा ठिपका त्याच्या बाजूला चेपून बसला होता. स्वच्छ वर्तुळ म्हणजे रिक्तिका, पेशीतली द्रवाने भरलेली पिशवी. केंद्रक न रंगवता साध्या प्रकाशात जवळजवळ दिसतच नाही.

## टप्पा 4: सूक्ष्मनलिका मोडणं

सूक्ष्मनलिका काढून घेतल्या की केंद्रकाचं काय होतं, हा या प्रोजेक्टचा मुख्य प्रश्न. इथे दोन चुका नेहमीच्या आहेत.

पहिली कॉल्चिसीनची. कांद्याच्या मुळावर चालतं म्हणून ते यीस्टवर घालतात आणि काहीच होत नाही. यीस्टच्या ट्युब्युलिनला, म्हणजे सूक्ष्मनलिका ज्याच्या बनतात त्या प्रथिनाला, कॉल्चिसीन नीट चिकटत नाही, त्यामुळे मात्रा वाढवूनही उपयोग नाही.

यीस्टवर चालतं ते कार्बेन्डाझिम. हरभऱ्याच्या, तुरीच्या बीजप्रक्रियेमुळे हे बुरशीनाशक शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना नावाने ठाऊक असतं. ते बुरशीच्या बीटा-ट्युब्युलिनला चिकटतं आणि सूक्ष्मनलिका बांधल्या जाऊ देत नाही. यीस्ट ही बुरशीच, म्हणून तिच्यावरही तेच होतं. वनस्पतीच्या ट्युब्युलिनवर त्याचा परिणाम फार कमी, म्हणून बी उगवतं आणि बुरशी अडते. बीटा-ट्युब्युलिनमधलं एखादं अमिनो आम्ल बदललं तरी बुरशी या औषधाला दाद देईनाशी होते.

दुसरी चूक घरातली पुडी आणण्याची. ती बहुधा 50 टक्के भुकटी असते आणि बाकीच्या भागात माती व भिजवणारे पदार्थ असतात. स्लाइडवर गाळ येतो आणि परिणाम औषधाचा की बाकीच्या पदार्थांचा ते सांगता येत नाही. शुद्ध कार्बेन्डाझिमच मागवा.

1. डीएमएसओमध्ये मिलिलिटरला 5 मिलिग्रॅम या प्रमाणात साठा बनवा.
2. वाढतं कल्चर तीन नळ्यांत 5-5 मिलि वाटून घ्या.
3. पहिल्या नळीत काही घालू नका. दुसरीत फक्त डीएमएसओ 100 मायक्रोलिटर. तिसरीत साठ्याचं द्रावण 100 मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅम.
4. औषध थेंब थेंब घाला आणि नळी सतत हलवत राहा. ते पाण्यात फार कमी विरघळतं, एकदम ओतलं तर सुयांसारखे स्फटिक पडतात.
5. 0, 60, 120 आणि 180 मिनिटांना प्रत्येक नळीतून 1 मिलि नमुना काढा.

दुसरी नळी वगळून चालत नाही. डीएमएसओचा स्वतःचा परिणाम वजा केल्याशिवाय औषधाबद्दल काही म्हणता येत नाही.

बाजारातली यीस्टची जात कमी-जास्त सोसणारी असू शकते. मुख्य प्रयोगाच्या आधी 25, 50 आणि 100 मायक्रोग्रॅम अशा तीन मात्रा करून बघा. डीएमएसओचं एकूण प्रमाण तिन्हींत सारखं ठेवा.

सावध: कार्बेन्डाझिम गर्भाला अपायकारक म्हणून वर्गीकृत आहे आणि डीएमएसओ त्वचेतून आत शिरतं. दोन्ही एकत्र असलेलं द्रावण हाताळताना हातमोजे घातलेच पाहिजेत. तोंडाने पिपेट ओढायची नाही. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत नाव लिहून जमा करा.

## टप्पा 5: पेशी जागच्या जागी थांबवणं

नमुना काढला की लगेच स्थिर करा. ‘सगळे नमुने जमू देत, तोवर बर्फात ठेवू’ हा विचार इथे घातक आहे, कारण सूक्ष्मनलिका थंडीने आपोआप मोडतात. औषध न घातलेली नळीही मग औषध घातल्यासारखी वागायला लागते.

नमुना 3000 आरपीएमवर दोन मिनिटं फिरवा, वरचं पाणी काढा आणि तीन भाग मिथेनॉल व एक भाग अ‍ॅसिटिक आम्ल यांचं ताजं मिश्रण 1 मिलि घाला. गुठळ्या सुटेपर्यंत हलवून अर्धा तास ठेवा. मिश्रण त्याच दिवशी बनवलेलं हवं. स्थिर झालेले नमुने फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी रंगवता येतात.

## टप्पा 6: आम्ल आणि रंग

जिम्सा डीएनए रंगवतो तसा आरएनएही रंगवतो. यीस्टचा पेशीद्रव आरएनएने गच्च भरलेला असतो. थेट जिम्सा ओतला तर अख्खी पेशी निळीकाळी होते आणि केंद्रक त्यात बुडून जातं. म्हणून आधी गरम आम्लाने आरएनए काढायचा.

1. स्वच्छ स्लाइडवर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा अगदी पातळ थर बोटाने पसरा आणि वाळवा. थर जाड झाला तर तोही रंग धरतो.
2. नमुन्याचा एक थेंब टाकून पसरवा, हवेत वाळवा, 70 टक्के अल्कोहोलमध्ये एकदा बुडवून घ्या.
3. 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल बनवा: तीव्र आम्ल 8.3 मिलि, एकूण 100 मिलि. आधी पाणी, मग त्यात आम्ल, या क्रमानेच.
4. कोपलिन जारमधलं (स्लाइड उभ्या ठेवायच्या बरणीतलं) आम्ल वॉटर बाथमध्ये 60 अंशांना आधी आणा, मग स्लाइड घाला. दहा मिनिटं घड्याळ लावून मोजा.
5. डिस्टिल्ड पाण्याने दोनदा आणि बफरने एकदा धुवा.
6. 10 मिलि बफरमध्ये जिम्साचे दहा-बारा थेंब टाकून स्लाइड अर्धा ते एक तास ठेवा.
7. बफरने धुवा, उभी ठेवून वाळवा आणि ऑइल इमर्शनखाली बघा.

चौथ्या पायरीत चुका होतात. स्लाइड थंड आम्लात घालून मग जार तापवला तर दहा मिनिटं म्हणजे नेमकं काय, ते ठरत नाही. वेळ फार वाढली तर डीएनएसुद्धा निघून जातो. लाइटचा भरवसा नसेल तर तोंड मोठं असलेल्या थर्मासमध्ये 60 अंशांचं पाणी भरा आणि आम्लाची नळी त्यात धरा. दहा मिनिटं तापमान टिकतं.

तपासा: चांगल्या स्लाइडवर पेशीद्रव फिकट गुलाबी किंवा जवळजवळ रंगहीन आणि केंद्रक ठळक जांभळं. सगळी पेशी गडद असेल तर आम्ल कमी पडलं, सगळी फिकी असेल तर जास्त झालं. प्रयोगाच्या नमुन्याआधी साध्या कल्चरची एक स्लाइड करून वेळ बसवून घ्या.

फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक मिळत असेल तर हा टप्पा सोडून द्या. पेशी 70 टक्के अल्कोहोलमध्ये स्थिर करून मिलिलिटरला 1 मायक्रोग्रॅम डीएपीआय हा डीएनएला चिकटून चमकणारा रंग वापरा. त्यात पेशीच्या कडेला बारीक चमकते ठिपके दिसतील. तो तंतुकणिकांचा डीएनए आहे, त्याला केंद्रक म्हणून मोजू नका.

## टप्पा 7: वाचणं आणि मोजणं

पूर्वावस्था, मध्यावस्था ही नावं बाजूला ठेवा. पेशीचं रूप पाहा आणि सहा गटांत मोजा:

- क: कळी नाही, केंद्रक एक.
- ख: लहान कळी, केंद्रक आईत.
- ग: मोठी कळी, एकच गोल केंद्रक, मानेला टेकलेलं.
- घ: मोठी कळी, केंद्रक मानेतून ताणलेलं, डमरूसारखं.
- च: मोठी कळी, दोन केंद्रकं, एक इकडे एक तिकडे.
- छ: वेगळंच काही. मोठी कळी पण केंद्रक मानेपासून दूर, किंवा दोन्ही केंद्रकं आईतच.

‘घ’ मोजकेच मिळतील, कारण ती अवस्था काही मिनिटांचीच असते. मिळालं की फाइन स्क्रू हळूहळू फिरवत बघा. दोन्ही बाजूंना जांभळे गोळे आणि मानेतून जाणारा बारीक धागा एकाच पातळीवर क्वचित येतात. तो धागा दिसला की केंद्रकपटल तुटत नाही हे वाक्य पाठ करावं लागत नाही.

‘च’ गटात एक फसवणूक आहे. विभाजन पूर्ण झालेल्या मायलेकीसुद्धा काही काळ चिकटलेल्या राहतात. स्थिर करण्याआधी नमुना जोराने हलवून घेतला तर बऱ्याच सुट्या होतात, पण सगळ्या नाहीत. म्हणून ‘च’ला ‘विभाजन चालू’ असं लिहू नका, ‘केंद्रकं वेगळी झालेली’ एवढंच लिहा.

प्रत्येक स्लाइडवर 200 पेशी मोजा. स्लाइडचं नाव कागदाने झाका आणि कुठली कुठली ते मित्राला लिहून ठेवू द्या. कार्बेन्डाझिमची स्लाइड आहे हे ठाऊक असलं की डोळा तेच शोधतो. हा अनुभव मलाही आहे, आणि त्यानंतर मी झाकल्याशिवाय मोजत नाही.

## टप्पा 8: आकड्यांचा अर्थ

औषध लागू पडलं असेल तर 120 आणि 180 मिनिटांच्या नमुन्यांत मोठी कळी पण एकच केंद्रक अशा पेशी वाढतात आणि ‘घ’, ‘च’ कमी होतात. त्यातली बरीच केंद्रकं मानेपाशीही नसतात, म्हणजे ‘छ’ वाढतो. याचे दोन अर्थ वेगवेगळे लिहा. केंद्रक दुभंगलं नाही, कारण आतला तर्कूच बांधला गेला नाही आणि गुणसूत्रं तर्कूला जोडली जाईपर्यंत पेशी विभाजन पुढे जाऊ देत नाही. केंद्रक मानेपाशी आलं नाही, कारण ओढणाऱ्या बाहेरच्या सूक्ष्मनलिकाही नाहीत. मुलं दोन्ही एका वाक्यात कोंबतात आणि तिथे गुण जातात.

कळी मात्र वाढतच राहते, हेही नोंदवा. कळीपर्यंत माल नेणारे दोर अ‍ॅक्टिनचे असतात आणि कार्बेन्डाझिम त्यांना हात लावत नाही. सांगाड्याचे दोन भाग दोन कामं करतात याचा तुमच्या स्वतःच्या स्लाइडवरचा पुरावा हाच आहे.

तीन तासांनंतरचे नमुने घेऊ नका. फार वेळ अडलेल्या काही पेशी अडथळा ओलांडून तशाच पुढे निघतात आणि आकडे वाचता येत नाहीत.

सावध: ‘एकपेशीय सजीवांत केंद्रकपटल तुटत नाही’ असं सरसकट लिहू नका. तुमचा पुरावा बेकरीच्या यीस्टपुरता आहे. दांडीसारख्या शायझोसॅकरोमायसीस पॉम्बे या दुसऱ्या यीस्टमध्ये पटल टिकतं, पण तिथे सूक्ष्मनलिका पेशीच्या दोन्ही टोकांना रेटून केंद्रक मधोमध धरतात आणि केंद्रकाच्या जागेवरूनच पेशी कुठे चिरायची ते ठरतं. क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शैवालात पटलाला ध्रुवांपाशी भोकं पडतात. डायनोफ्लॅजेलेट्स या एकपेशीय गटात तर्कू बाहेर राहतो आणि केंद्रकातून आरपार गेलेल्या बोगद्यांतून काम करतो. ज्वारीच्या कडब्याच्या पाण्यात वाढणाऱ्या पॅरामेशियममध्ये तर एकाच पेशीत दोन तऱ्हा असतात: लहान केंद्रक तर्कूने दुभंगतं, मोठं केंद्रक तर्कूशिवाय लांबून तुटतं. प्राण्यांच्या जवळच्या नात्यातल्या इक्थिओस्पोरिया या एकपेशीय गटावरचं 2024 साली प्रसिद्ध झालेलं काम सांगतं की एकाच पेशीत अनेक केंद्रकं बाळगणाऱ्या जातीत पटल टिकतं आणि एकच केंद्रक बाळगत दुभंगणाऱ्या जातीत ते उघडतं.

## जर्नलमधलं चित्र

जे दिसलं ते सलग रेघेने काढा: पेशीची कड, कळी, मान, केंद्रक. रिक्तिका रंगवू नका, रिकामी ठेवा. सूक्ष्मनलिका दाखवायच्याच असतील तर तुटक रेघेने काढा आणि बाजूला ‘अनुमान’ असं लिहा. मापपट्टी 5 मायक्रॉनची द्या, ‘1000 पट’ एवढं पुरत नाही. चित्राखाली नळी, मिनिटं, गट आणि 200 पैकी किती, हे चारही लिहा. उदाहरणार्थ: ‘नळी 3, कार्बेन्डाझिम 100 मायक्रोग्रॅम/मिलि, 120 मिनिटं, गट छ’, आणि पुढे तुमच्या मोजणीतला आकडा. एक्स्टर्नल विचारतील तेव्हा ती स्लाइड दाखवता आली पाहिजे, म्हणून चित्राचा क्रमांक स्लाइडवरही डायमंड पेन्सिलने कोरून ठेवा.